विसरायला विसरलेले आठ उंदीर

१

त्या सोमवारी सकाळी कळलं, की विसर टोचलेल्या आठ उंदरांपैकी एकही काही विसरला नव्हता.

चाळीस वर्षं होऊन गेली याला. आज चष्मा कुठे ठेवला ते मला आठवत नाही, पण त्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं हे पक्कं आठवतं. मी औषधांच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. टोचण्यात माझा हात हलका होता, म्हणून सगळे मला सुईताई म्हणत. उंदरांचं काही म्हणणं असेल तर ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

त्या खोलीत कमरेएवढ्या उंचीची एक गोल टाकी होती. रोज सकाळी पाण्यात दुधाची भुकटी कालवून आम्ही ते पांढरं गढूळ करायचो. पृष्ठभागाच्या बोटभर खाली एक छोटा चौथरा बुडवलेला असे. त्याला आम्ही फलाट म्हणायचो. उंदराला तो दिसत नसे. पहिल्या दिवशी पाण्यात सोडलेला उंदीर सैरावैरा पोहायचा, मिनिटभर धडपडायचा, आणि चुकून फलाट पायाखाली लागला की त्यावर चढून मिशा पुसत बसायचा. चौथ्या दिवशी तोच उंदीर पाण्यात पडल्या पडल्या मान वळवून खिडकी बघायचा, घड्याळ बघायचा, दार बघायचा, आणि सुतात ओवल्यासारखा सरळ फलाटावर जायचा. सहा सेकंदांत! खालचं पाणी सगळीकडे सारखंच पांढरं. मुठीत मावेल अशा त्या जिवानं अख्ख्या खोलीचा नकाशा डोक्यात भरून घेतलेला असायचा. हे मी शेकडो वेळा पाहिलं, आणि प्रत्येक वेळी माझ्या अंगावर काटा आला.

पाचवा दिवस परीक्षेचा. तीन गट, प्रत्येकात आठ उंदीर. पहिल्या गटाला नुसतं मीठपाणी टोचायचं. दुसऱ्याला धोतऱ्याच्या कुळातलं एक औषध, ज्यानं आठवण काही तास पुसट होते. त्याचं लांबलचक नाव कोणी घेत नसे, आम्ही त्याला 'विसर' म्हणायचो. तिसऱ्या गटाला आधी आमच्या प्रयोगशाळेनं शोधलेलं नवं औषध, म्हणजे 'आठव', आणि मग विसर. आठवमुळे उंदरांना विसर बाधला नाही, तर औषध कामाचं.

पहिल्या दोन तुकड्यांत सगळं हवं तसं झालं. विसर टोचलेले उंदीर पाऊण मिनिट भटकले. तिसऱ्या तुकडीत मात्र, शनिवारच्या परीक्षेत, मीठपाणीवाले सात सेकंदांत पोचले, आठववाले आठ सेकंदांत, आणि विसरवालेही आठच सेकंदांत.

मोठ्या सरांनी माझा तक्ता दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"यांना विसर मिळालेलंच नाही," ते म्हणाले. "कोणीतरी बाटलीत मीठपाणी भरलंय."

त्याच दुपारी उंदीरखान्यातल्या बादलीत, भुशाखाली, मीठपाण्याची एक रिकामी बाटली सापडली. बादली मावशीची होती.

२

मावशी म्हणजे उंदीरखान्याची राखणदारीण. पन्नाशीची, रुंद हातांची, नवरा गेल्यापासून एकटी. तिच्याकडे तीनशे उंदीर आणि एक लाल टॉवेल. ती उंदरांशी बोलायची तशी माणसांशी बोलत नसे. विसरवर तिचा उघड राग होता. "खाऊन-पिऊन सुखी जिवाला स्वतःचं घर विसरायला लावता. तुम्हाला कोणी लावलं म्हणजे कळेल," असं तिनं मोठ्या सरांनाही तोंडावर ऐकवलं होतं. शिवाय औषधांच्या फ्रीजची दुसरी किल्ली तिच्याच खोलीत खिळ्याला असायची.

गुरुवारी तपासणी समिती येणार होती. त्याआधी दोषी सापडला नाही तर तिन्ही तुकड्या रद्द, आठवचं काम बंद. आणि सापडला तर त्याची नोकरी जाणार. मावशीची नोकरी म्हणजे तिचं घरही होतं. उंदीरखान्यामागची एक खोली तिला कामाबरोबर मिळालेली.

चौकशी मोठ्या सरांनी पिवळ्या बाईंवर सोपवली. त्या तळमजल्यावर मेंदूतल्या एन्झाइमांचं मोजमाप करायच्या. त्या चाचणीत पिवळा रंग येतो, आणि तीस वर्षांत त्यांची बोटंही पिवळी झाली होती. निवृत्तीला चार महिने, जीभ सुरीसारखी, खिशात कायम पेपरमिंट.

"मी काही पोलीस नाही," त्या सरांना म्हणाल्या. "पण चोरापेक्षा तुमच्या घाईची मला जास्त भीती वाटते. म्हणून करते."

मला त्यांनी मदतीला घेतलं. पायऱ्या उतरताना म्हणाल्या, "सुई, तूही संशयितच आहेस बरं का. टोचलंस तूच."

"मग मला सोबत कशाला घेता?"

"संशयित डोळ्यांसमोर असलेला बरा. चहा घेणार?"

चहाच्या वासानं माझ्या पोटात ढवळलं. मी नको म्हटलं. बाईंनी भुवई उंचावली आणि पेपरमिंट पुढे केली.

मावशी पिंजरे धूत होती. बाईंनी रिकामी बाटली तिच्यासमोर धरली.

"ही तुमच्याकडे कशी आली?"

"मी घेतली," मावशी म्हणाली.

"कशाला?"

"कामाला."

"कसल्या कामाला?"

मावशीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा ब्रशकडे. "बाई, तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. मी बाटल्या बदलल्या नाहीत. याउपर माझ्या तोंडून काही निघणार नाही."

बाहेर आल्यावर बाई क्षणभर थांबल्या. "ही खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या. "पण कुणाला तरी झाकतेय."

३

औषधं विरघळवून बाटल्या भरण्याचं काम भांडारातल्या कुलूपकाकांचं. कमरेला किल्ल्यांचा घोस, चालले की बैल आल्यासारखा आवाज.

"काका, मागच्या वर्षी तुम्ही दोन बाटल्यांच्या चिठ्ठ्या अदलाबदल केल्या होत्या ना?" बाईंनी सरळच विचारलं.

"एकदा! एकदाच!" काका लाल झाले. "त्यानंतर आठवच्या बाटलीला दोरा बांधतो, विसरच्या बाटलीला दोन. अंधारातही चुकणार नाही. माझ्या नातवाचं बारसंही इतक्या काळजीनं केलं नसेल."

"मीठपाण्याची बाटली मावशीला कोणी दिली?"

"मीच दिली. महिन्याला एक नेते. नोंद आहे. कशाला ते विचारलं नाही. फुकट वाटण्यासारखी वस्तू तीच एक आहे माझ्याकडे."

मग भावी. आमचा संशोधक विद्यार्थी. सहा वर्षं तो भावी डॉक्टर होता, म्हणून नाव भावी. त्याचा प्रबंध या उंदरांवर टांगलेला.

"बाई, मी कशाला बदलीन?" तो रडकुंडीला आला होता. "विसर चाललं नाही तर आठवनं वाचवलं कशापासून, हेच सिद्ध होत नाही. मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेईन का?"

"लोक घेतात. पण सहा वर्षं थांबून नाही घेत. परीक्षेच्या दिवशी तू कुठे होतास?"

"पडद्यामागे. मी घड्याळ धरतो. उंदराला माणूस दिसू नये म्हणून पडद्याच्या फटीतून फक्त फलाट बघतो. टोचणं आणि पाण्यात सोडणं-काढणं सगळं सुईताईंकडे."

निघताना उंदीरखान्याच्या दारापाशी मावशीचा झगा वाळत घातलेला होता. बाई तिथं घुटमळल्या. झग्याच्या दोन्ही बाह्यांवर, कोपरापर्यंत, पांढरे कडक डाग होते. बाईंनी नखानं एक खरवडला आणि जिभेला लावला.

"दूध," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पिंजरे धुणाऱ्या बाईच्या बाहीवर टाकीतलं दूध कसं?"

माझ्या हातातली वही खाली पडली. ती उचलायला मी वाकले आणि डोळ्यांसमोर अंधारी आली.

४

दुसऱ्या दिवशी बाईंनी बर्फातून नऊ छोट्या कुप्या काढल्या. परीक्षेनंतर प्रत्येक गटातले तीन उंदीर मेंदूच्या तपासणीसाठी जात. त्या वेळी मावशी उंदीरखान्यात थांबत नसे, आणि तिला कोणी का म्हणून विचारत नसे.

"बस," बाई म्हणाल्या. "सहा वर्षं टोचतेस, कशावर टोचतेस ते कधी पाहिलं नाहीस."

त्यांनी मला तेव्हा जे सांगितलं ते मी पुढे कितीतरी मुलांना त्यांच्याच शब्दांत सांगितलं. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप धाडते. मध्ये बारीकशी फट असते, म्हणून निरोप एका रसायनातून जातो. निरोप पोचला की एक झाडूवाला येतो आणि ते रसायन झाडून फट मोकळी करतो, नाहीतर पुढचा निरोप ऐकूच येणार नाही. हा झाडूवाला म्हणजे एन्झाइम. विसर काय करतं? निरोप घेणाऱ्याच्या दाराला बाहेरून कडी लावतं. आठव कडीला हात लावत नाही. ते झाडूवाल्याचे हात बांधतं. मग निरोप झाडले जात नाहीत, दारात गर्दी होते, आणि गर्दीच्या रेट्यानं कडी सुटते.

"हे सगळं एका उंदराच्या डोक्यात चालतं?"

"सेकंदाला शेकडो वेळा. तुझ्याही. आत्ता."

त्यांनी नऊ नळ्यांत नऊ थेंब सोडले. झाडूवाला मोकळा असेल तर रंग चढणार, बांधलेला असेल तर नाही. आधी सगळ्याच नळ्या पाण्यासारख्या होत्या. मग पहिल्या तीन हळदीसारख्या उजळल्या, पुढच्या तीनही. खोलीत कोणी हललं नव्हतं, आणि गेलेल्या जिवाच्या मेंदूतला तो झाडूवाला अजून इमानानं झाडत होता. शेवटच्या तीन नळ्या फिकट राहिल्या, केळफुलाच्या आतल्या पाकळीइतक्या फिकट.

"तिसऱ्या गटाला आठव मिळालं," बाई म्हणाल्या. "त्या बाटलीत भेसळ नाही. आता विसर. त्यानं झाडूवाल्यावर परिणाम होत नाही, ते इथं दिसणार नाही. ते मावशीच्या भिंतीवर बघू."

"भिंतीवर?"

मावशीला लिहायची सवय नव्हती. प्रत्येक पिंजऱ्यामागे भिंतीवर ती खडूनं रेघा ओढायची. पाण्याची बाटली एकदा भरली की एक रेघ. वर्षानुवर्षांच्या रेघा होत्या त्या. आम्ही त्यांना मावशीची रांगोळी म्हणून हसायचो. बाईंनी दिवा जवळ नेला.

परीक्षेच्या दिवशी मीठपाण्याच्या उरलेल्या पाचही पिंजऱ्यांमागे एकेक रेघ होती. विसर आणि आठव, दोन्ही गटांच्या दहाही पिंजऱ्यांमागे दोन-दोन.

"धोतऱ्यानं काय होतं, सुई?"

"तोंड कोरडं पडतं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, डोळेही सुकतात."

"म्हणून ते दुप्पट प्यायले. कोणाला संशय येण्याच्या दोन दिवस आधी ओढलेल्या रेघा आहेत या." मग त्यांनी मावशीकडे वळून विचारलं, "आणि त्यांचे सुकलेले डोळे तुम्ही मीठपाण्यानं पुसत होतात ना?"

मावशीनं पहिल्यांदाच मान वर केली. "कापसानं. हळूच. बघवत नाही हो, लाल मण्यासारखे ताठ डोळे. परवानगी नव्हती म्हणून बोलले नाही."

जी बाटली तिला बुडवणार होती तिनंच तिला वर काढलं, असं मला वाटलं. मी सुटकेचा श्वास टाकला. बाई मात्र उलट जास्तच गंभीर झाल्या.

"म्हणजे विसरही मिळालं होतं. त्या आठ उंदरांना फलाट कुठे आहे हे माहीत नव्हतं," त्या सावकाश म्हणाल्या. "तरी ते आठ सेकंदांत तिथं पोचले. मग त्यांना तिथं नेलं कोणी?"

५

बुधवारी संध्याकाळी मोठ्या सरांनी मावशीला बोलावलं. टेबलावर टाइप केलेलं पत्र होतं.

बाईंनी नळ्यांचं आणि रेघांचं सांगितलं. सर ऐकून घेत होते, पण त्यांचं बोट पत्रावरच होतं.

"खडूच्या रेघा मी समितीला दाखवू? बाई, बाटल्या बरोबर होत्या म्हणता, तर उंदीर पोचले कसे? याचं उत्तर आहे तुमच्याकडे?"

"आहे," बाई म्हणाल्या. "पण ते माझं नाही. ज्याचं आहे त्यानं द्यावं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पेपरमिंटचा कागद उलगडत बसल्या. मला कळलं, त्यांना सगळं समजलं होतं. माझं चहा नाकारणं, अंधारी येणं, पट्टा सैल केलेला झगा, आणि मावशीच्या बाहीवरचं दूध.

मी इतका वेळ वाचकांपासूनही ते लपवलं, जसं तेव्हा सगळ्यांपासून लपवलं होतं. मला चौथा महिना होता. पोटुशी बाई औषधांच्या खोलीत चालणार नाही, असा मोठ्या सरांचा नियम होता, आणि आधीचीला त्यांनी त्याच आठवड्यात घरी बसवलं होतं. माझ्या पगारावर घर चाललेलं. मी कोणाला बोलले नाही. मावशीला सांगावं लागलंच नाही. जिनं हजारो उंदरिणींची बाळंतपणं केली तिला काय सांगायचं? टाकीवर ओणवं होऊन जाळीनं उंदीर काढताना मला भोवळ आली, त्या दिवशी ती आपणहून आत आली. "हो बाजूला, पोरी. तू नुसती सोड. काढायचं मी बघते."

आता पत्र तिच्यासमोर सरकत होतं, आणि ती त्यावर अंगठा उठवायला तयार होती. एकदाही माझ्याकडे न बघता.

"सर, थांबा," मी म्हटलं. "तिसऱ्या तुकडीत उंदीर मी काढले नाहीत. मावशीनं काढले. शिकवण्याचे चारही दिवस, आणि परीक्षेलाही. मी ते वहीत लिहिलं नाही."

"का?"

मी सांगितलं.

लांब जिन्यात कुलूपकाकांच्या किल्ल्या वाजत गेल्या.

"अगं वेडे!" मावशी पुटपुटली. "मी मिटवलं होतं ना सगळं."

"कोण काढतं यानं काय फरक पडतो?" सर चिडून म्हणाले.

बाई उठल्या. "सुई जाळीनं काढायची, दारापाशी उभी राहून. मावशी हातानं काढते. म्हणून तिला फलाटाच्या अगदी मागे उभं राहावं लागतं. लाल टॉवेल पसरून. भावी पडद्याच्या फटीतून फक्त फलाट बघतो, आणि उंदीर चढला की वेळ लिहायला वळतो, म्हणून त्याला ती दिसत नाही. सर, उद्या समिती येण्याआधी मला एक तास आणि उरलेले पंधरा उंदीर द्या. पत्र मग द्या. सुईला द्यायचं असेल तर सुईला."

६

गुरुवारी सकाळी टाकीत दूध कालवलं. सुई बाईंनी स्वतः हातात घेतली. मी भिंतीपाशी उभी होते, पहिल्यांदाच नुसती बघणारी.

बाईंनी मावशीला फलाटामागून हलवलं आणि टाकीच्या बरोबर पलीकडे उभं केलं. "टॉवेल धरा. एक शब्द काढायचा नाही. चुचकारायचंही नाही."

आधी मीठपाण्याचे उंदीर. पहिला पाण्यात पडला, खिडकी पाहिली, घड्याळ पाहिलं, सरळ फलाटावर. मावशीकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. एक जण अर्ध्यात घुटमळला, पण शेवटी पाचही फलाटावर गेले.

मग विसरचा पहिला. डोळे मण्यांसारखे ताठ. पाण्यात त्यानं एक गोल गिरकी घेतली. खिडकी, घड्याळ, दार, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि त्यातलं काहीच त्याच्याशी बोललं नाही. मग त्याला तो टॉवेल दिसला, त्यामागचे रुंद हात दिसले. तो वळला, आणि फलाटाला पाठ करून सरळ मावशीकडे पोहत निघाला. टाकीच्या काठापर्यंत गेला. तिथं फलाट नव्हता, चढायला काही नव्हतं. तरी तो तिच्या खाली, गुळगुळीत पत्र्यावर पुढचे पाय घासत, मान वर करून तिच्याकडे बघत राहिला.

मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं बाईंचा हुकूम मोडला नाही.

दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. सगळे तिच्याकडे.

मोठे सर पडद्याबाहेर आले होते. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता आणि तो पुन्हा घालायचं त्यांना सुचत नव्हतं.

"जागेची आठवण गेली यांची," बाई हळू म्हणाल्या. "पण समोर दिसणाऱ्या खुणेकडे जाणं हे मेंदूचं वेगळं काम आहे. तिथं विसरचा हात पोचत नाही."

"खूण काय म्हणता, बाई?" मावशीला आता राहवेना. "ओळख म्हणतात त्याला."

"खूण की ओळख, पाच उंदरांवर मी शपथ घेणार नाही," बाई म्हणाल्या. पण त्यांनी लगेच टॉवेल काठीला बांधून वेगळ्या बाजूला उभा केला, मावशीला दाराबाहेर पाठवलं आणि पाचही उंदीर पुन्हा सोडले. दोघं टॉवेलकडे गेले. तीन टाकीभर भटकत राहिले. बाईंनी ते लिहून घेतलं आणि बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसल्या. शेवटपर्यंत त्यांनी त्यावर मत दिलं नाही.

मग मावशीला आत घेऊन टॉवेलसह पुन्हा पलीकडे उभं केलं. आता आठवचा गट उरला होता. भावीनं घड्याळ धरलं होतं. यांनाही विसर टोचलेलं, यांचेही डोळे ताठ. पहिल्यानं गिरकी घेतली. मावशीकडे तोंड केलं. मग तो पाण्यात थबकला, जणू कोणीतरी हाक मारली, मागे वळला, आणि घड्याळाखालच्या त्या पांढऱ्या पाण्यात, जिथं काहीच दिसत नव्हतं, तिथं जाऊन फलाटावर चढला.

पाचांपैकी चार. त्या चार डोक्यांत दाराची कडी सुटली होती, आणि ते मी या डोळ्यांनी पाहिलं.

"भावी," बाई म्हणाल्या, "रडतोस काय? वेळ लिही."

७

तिसरी तुकडी रद्द झाली, काम वाचलं. पुढच्या वर्षी भावी खरोखरचा डॉक्टर झाला आणि आमची पंचाईत झाली, कारण त्याचं खरं नाव कोणालाच आठवेना. मावशीचं पत्र सरांनी फाडलं. मला त्यांनी सुईवरून काढलं, बाळंतपणापर्यंत पिवळ्या बाईंच्या नळ्या धुवायला लावलं, आणि पगार मात्र पूर्ण दिला. जाताना एवढंच म्हणाले, "औषधांची खोली पोटातल्या जिवाला चांगली नाही, म्हणून तो नियम होता. घरी बसवायचा नियम मात्र चुकीचा होता." तोही त्यांनी बदलला.

प्रयोगाच्या वहीत मी त्या दिवशी पट्टीनं एक नवा रकाना आखला. वर लिहिलं: उभं कोण? आणि कुठे? पुढे तीस वर्षं माझ्या हाताखालच्या मुलांनी तो रकाना भरला, कुरकुरत, हसत. "ताई, यानं काय होतं हो?" त्यांना मी ही गोष्ट सांगायचे.

मावशी फार म्हातारी झाली. शेवटी वृद्धांच्या निवासात होती. तिला धोतरा कोणी दिला नव्हता, वयानंच दाराला कडी घातली होती. डॉक्टर तिला आठवच्याच जातीची एक गोळी देत होते. त्यानं काही दिवस बरे जायचे, काही नाही.

शेवटच्या वेळी गेले तो चांगला दिवस नव्हता. परिचारिका म्हणाली, "त्या कोणाला ओळखत नाहीत हल्ली. स्वतःची खोलीही सापडत नाही. वाईट वाटून घेऊ नका." मी नळावर हात धुतले आणि तशीच ओल्या हातांनी दारात उभी राहिले. लांबलचक दिवाणखाना, दोन्हीकडे खुर्च्या, खिडकीपाशी मावशी. तिनं मान फिरवली. खिडकी, घड्याळ, खुर्च्या, सगळ्यावरून तिची नजर कोरडी गेली. मग ती उठली. कोणाचा हात न धरता, मध्ये कुठेही न थांबता, सरळ माझ्यापर्यंत आली. माझे हात ओले पाहून तिनं खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि एकेक बोट वेगळं करून, हळूच, ते कोरडे केले.

"कोण गं तू, पोरी?" तिनं विचारलं.

मी नाव सांगितलं. तिनं मान हलवली. नाव तिला लागलं नाही. पण हात तिनं सोडले नाहीत.

घरी आले आणि माझी जुनी वही काढली. शेवटच्या पानावर तारीख घातली. खाली रकाना आखला आणि भरला. उभं कोण? मी. कुठे? दाराच्या उजव्या हाताला.